ड्रुइडांना वयाचा दाखला कशाला?

२०१० साली इंग्लंड आणि वेल्सच्या चॅरिटी कमिशननं, म्हणजे आपल्याकडच्या धर्मादाय आयुक्तांसारख्या यंत्रणेनं, 'ड्रुइड नेटवर्क' नावाच्या एका छोट्या संस्थेची धर्मकार्य करणारी संस्था म्हणून नोंद केली. ड्रुइड म्हणजे ब्रिटन, आयर्लंड आणि गॉलमधल्या प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित; त्यांचं नाव आज एक निसर्गपूजक पंथ लावतो. सभासद साडेतीनशेच्या आसपास. अर्ज, पत्रव्यवहार, शंका, खुलासे यांत काही वर्षं गेली होती. निकाल लागला आणि लंडनच्या काही स्तंभलेखकांना आयतं खाद्य मिळालं. पांढरे झगे घालून दगडांभोवती फिरणाऱ्यांना आता सरकार करसवलत देणार, देश कुठे चाललाय, वगैरे.

टिंगल सोडून देऊ. तिच्यामागे एक गंभीर आक्षेप होता आणि तो आजही घेतला जातो. हा धर्म खोटा आहे, कारण तो जुना नाही. रोमन लोकांनी ज्यांचा नायनाट केला ते ड्रुइड वेगळे. आजचे ड्रुइड ही अठराव्या शतकातल्या हौशी मंडळींची आणि विसाव्या शतकातल्या काही शिक्षकांची निर्मिती. या आक्षेपातली माहिती अगदी बरोबर आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. धर्माला जन्मदाखला मागायचं कारण नाही. आणि ज्याला दाखला मागितला जात नाही, त्यानंही पाच हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजांच्या नावावर हक्क सांगू नये. ड्रुइडांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकदमच म्हणाव्या लागतात.

जुन्या ड्रुइडांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतेक त्यांच्या शत्रूंकडून. ज्युलियस सीझर गॉल प्रांत, म्हणजे आजचा फ्रान्स, जिंकत असताना लिहितो की ड्रुइड व्हायला काही जण वीस-वीस वर्षं शिकतात, सगळं मुखोद्गत करतात, आणि ती विद्या लिहून ठेवणं त्यांना निषिद्ध आहे. वेळूसारख्या लवचीक फांद्या विणून केलेल्या राक्षसी पुतळ्यांत जिवंत माणसं कोंबून जाळतात, असंही तोच लिहितो. गॉलवरची स्वारी योग्य ठरवायला असा मजकूर त्याच्या सोयीचाच होता. शंभरेक वर्षांनी रोमन लेखक प्लिनी सांगतो की चंद्राच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या वेशातला ड्रुइड ओकवर चढून सोन्याच्या विळ्यानं बांडगूळ कापतो, खाली ते पांढऱ्या कापडात झेलतात आणि दोन पांढरे बैल बळी देतात. आजच्या ड्रुइडांचा झगा पांढरा असतो त्यामागे हा एवढा उतारा आहे. मग रोमन इतिहासकार टॅसिटस. सन ६०च्या सुमारास रोमन फौजा वेल्सच्या टोकाशी असलेल्या अँगलसी बेटावर उतरल्या, तेव्हा किनाऱ्यावर हात आभाळाकडे करून शाप देणारे ड्रुइड आणि केस मोकळे सोडून मशाली नाचवणाऱ्या बायका उभ्या होत्या. सैनिक क्षणभर थिजले, मग तुटून पडले. नंतर तिथल्या देवराया तोडण्यात आल्या.

विद्या लिहायची नाही आणि पाठ असलेली माणसं मारली गेली किंवा विखुरली, तर मागे काय उरणार? आयर्लंडमध्ये रोमन पोचले नाहीत, तिथे ड्रुइड आणखी काही शतकं राहिले. पण त्यांच्याबद्दलही लिहिलं ते ख्रिस्ती मठांतल्या साधूंनी. एकाही ड्रुइडानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक वाक्य आपल्याकडे नाही. त्यामुळे 'अखंड परंपरा' हा दावा सुरुवातीलाच बाद होतो.

ही रिकामी जागा पुढे कल्पनेनं भरून निघाली. सतराव्या शतकात जॉन ऑब्री या संशोधकाला वाटलं की ब्रिटनमधली दगडी वर्तुळं ड्रुइडांची देवळं असावीत. १७४० साली विल्यम स्टकली या वैद्यानं, जो पुढे पाद्री झाला होता, त्यातलं सर्वांत प्रसिद्ध वर्तुळ, दक्षिण इंग्लंडमधलं स्टोनहेंज, ड्रुइडांचंच म्हणून ठामपणे मांडलं. वर्तुळ उभं राहिलं ते ढोबळमानानं इसवीसनापूर्वी ३००० ते २००० या काळात. ड्रुइडांचा पहिला लेखी उल्लेख त्यानंतर दीड-दोन हजार वर्षांनी येतो. पण स्टकलीकडे काळ मोजायचं साधनच नव्हतं. रोमनांच्या आधीचं म्हणजे ड्रुइडांचं, एवढाच त्याचा हिशेब. चूक होती, पण प्रामाणिक होती.

योलो मॉर्गानुगबद्दल तसं म्हणता येत नाही, आणि तरी या सगळ्या कथेत मला सर्वांत जास्त रस त्याच्यातच वाटतो. खरं नाव एडवर्ड विल्यम्स. वेल्सच्या ग्लॅमॉर्गन भागातला पाथरवट. अफूच्या अर्काची अनेक वर्षांची सवय, जुन्या वेल्श हस्तलिखितांचं अफाट ज्ञान आणि कवी म्हणून खरोखरची प्रतिभा. ही प्रतिभा त्यानं बऱ्याच अंशी दुसऱ्यांच्या नावावर खर्ची घातली. चौदाव्या शतकातला थोर वेल्श कवी दाविद आप ग्विलिम याच्या कवितांचा संग्रह १७८९ मध्ये छापला गेला, त्यात योलोनं स्वतःच्या कविता बेमालूम घुसवल्या. १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ हिल या टेकडीवर त्यानं खिशातले खडे मांडून वर्तुळ केलं आणि जाहीर केलं की प्राचीन ड्रुइडांची कविसभा, 'गोर्सेद', आपल्या प्रांतात गुप्तपणे चालत आलेली आहे आणि आपण तिचे वारसदार आहोत. विधी त्याचा, प्रार्थना त्याची, तीन किरणांचं चिन्ह त्याचं, आणि हे सगळं सिद्ध करणारी जुनी कागदपत्रंही त्याचीच.

याच माणसाचं काउब्रिज गावात एक छोटं दुकान होतं. तिथे तो गुलामांच्या मळ्यांतली साखर ठेवत नसे. ईस्ट इंडियाची साखर विकत असे आणि तिला माणसाच्या रक्ताचा डाग नाही अशी जाहिरात करत असे. कंपनीच्या राज्यात त्या साखरेमागे कोणाचा घाम होता याची चौकशी त्यानं केली असेल असं वाटत नाही. पण जमैकात मळे असलेले सख्खे भाऊ असतानाही गुलामगिरीविरुद्ध बोलणारा हा पाथरवट नुसता लबाड नव्हता, एवढं त्यावरून कळतं.

१८१९ मध्ये त्यानं आपली गोर्सेद वेल्श कवितेच्या स्पर्धा-मेळ्याला, 'आयस्तेदवॉद'ला, जोडून दिली. ती आजही जोडलेलीच आहे. दर ऑगस्टमध्ये वेल्समध्ये कुठेतरी हा राष्ट्रीय मेळा भरतो. हिरवे, निळे, पांढरे झगे घातलेली मंडळी व्यासपीठावर येतात. प्रमुख ड्रुइड भली मोठी तलवार म्यानातून अर्धी ओढतो आणि गर्दीला विचारतो, 'शांतता आहे का?' गर्दी ओरडते, 'शांतता!' असं तीनदा. तलवार पूर्ण उपसली जातच नाही. मग विजेत्या कवीचा सन्मान करतात. ते झगे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्यूबर्ट फॉन हर्कोमर या जर्मनीत जन्मलेल्या चित्रकारानं आखून दिले. भोवतीचे 'प्राचीन' दगड २००५ पासून बहुतेक वेळा फायबरग्लासचे असतात, कारण मेळा दरवर्षी गाव बदलतो आणि खरे दगड ट्रकमधून हिंडवणं परवडत नाही. या गोर्सेदचा निसर्गपूजेशी काही संबंध नाही. तिथले बरेच जण नियमानं चर्चला जातात. २००२ साली कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, म्हणून ज्यांची निवड झाली होती ते रोवन विल्यम्स तिच्यात सामील झाले, तेव्हा इंग्लंडच्या वर्तमानपत्रांना ते मूर्तिपूजक झाल्याचा साक्षात्कार झाला होता.

बनावट कागद, परदेशी चित्रकाराचे झगे, प्लॅस्टिकचे दगड. पण त्या मेळ्यात १९५० पासून सगळा कारभार फक्त वेल्शमधून चालतो. शेजारी इंग्रजीसारखी भाषा असताना २०२१च्या जनगणनेत वेल्समधल्या सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येतं असं सांगितलं. त्यात शाळांचा आणि कायद्याचा वाटा मोठा आहे, पण कवितेला राष्ट्रीय सोहळ्याचा मान मिळाला तो या मेळ्यात. योलोची लबाडी उघड झाली म्हणून हा सोहळा बंद करा, असं कोणी म्हणत नाही. ग्रिफिथ जॉन विल्यम्स या अभ्यासकानं विसाव्या शतकात आयुष्यातली कित्येक वर्षं घालवून योलोचं खरं-खोटं वेगळं केलं. ते काम झालंच पाहिजे होतं. खोट्या कागदांमुळे वेल्श साहित्याचा इतिहास शंभरावर वर्षं गढूळ राहिला, हे नुकसान थोडं नव्हे. पण कागद खोटे ठरले म्हणून त्यांच्या आधारानं सुरू झालेला रिवाज निकामी ठरत नाही.

धर्म म्हणून आजची जी ड्रुइडरी आहे, ती आणखी तरुण. १९६४ साली रॉस निकल्स या कवी-शिक्षकानं 'ऑर्डर ऑफ बार्ड्स, ओवेट्स अँड ड्रुइड्स' स्थापन केली. आधुनिक चेटूकधर्म म्हणजे 'विका' उभा करणारे जेराल्ड गार्डनर त्याचे मित्र. दोन अयनं, दोन संपातदिन आणि त्यांच्या मधले चार सण असं आठ सणांचं वर्षचक्र आज हे दोन्ही पंथ पाळतात. त्यातले तुकडे जुने आहेत, पण आठांची ही माळ या पिढीनं ओवली. निकल्स १९७५ मध्ये वारले, काम थंडावलं, १९८८ मध्ये मानसशास्त्राची पार्श्वभूमी असलेल्या फिलिप कार-गॉम यांनी ते पुन्हा सुरू केलं. कसं? पोस्टानं धडे पाठवून. लिहिणं निषिद्ध मानणाऱ्यांचे वारस पत्रद्वारा अभ्यासक्रमावर वाढले, यातली गंमत त्यांनाही कळत असणार.

अमेरिकेतली गोष्ट याहून मजेशीर. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात विद्यार्थ्यांना धार्मिक उपासनेला हजेरी सक्तीची होती. १९६३ मध्ये काही पोरांनी त्याची चेष्टा म्हणून 'रिफॉर्म्ड ड्रुइड्स' नावाचा धर्म काढला, टेकडीवर जमायला लागले, थोडी व्हिस्की फिरवायला लागले आणि हजेरी मागायला लागले. १९६४ मध्ये कॉलेजनं सक्ती उठवली. चेष्टेचं काम संपलं, पण जमणं थांबलं नाही. कारण मोकळ्या टेकडीवर उभं राहून निसर्गाबद्दल चार गंभीर शब्द बोलण्यात आपल्याला काहीतरी मिळतंय, असं त्यातल्या काहींच्या लक्षात आलं. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या ड्रुइड संघटनेचा जनक ठरलेला आयझॅक बोनविट्स याच प्रवाहातून आला. थट्टेतून निघालेली श्रद्धा खरी असते का? जे लोक ती जगतात त्यांच्याकडे बघून उत्तर द्यायचं, की पहिल्या दिवशी कोण का हसलं होतं ते बघून? माझं उत्तर पहिलं.

चांगली गोष्ट अशी की यातलं बरंचसं आजच्या शहाण्या ड्रुइडांनी स्वतःहून मान्य केलं आहे. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी प्राचीनत्वाचे दावे एकेक करून मोडीत काढले, आणि ड्रुइडांनी त्यांना शत्रू ठरवण्याऐवजी आपल्या सभांना भाषणाला बोलावलं. इतिहासकारानं मिथक मोडलं म्हणून त्याच्या नावानं मोर्चे निघाले नाहीत, पुस्तकावर बंदीची मागणी झाली नाही. आपल्याला हे जरा नवलाचं वाटेल.

आणि आपला विषय निघालाच आहे तर या प्रकरणात आपलाही एक धागा आहे. १७९० साली बंगालमध्ये कंपनीच्या नोकरीत असलेल्या रूबेन बरो या गणितज्ञानं 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये लिहून टाकलं की ब्रिटनचे ड्रुइड ब्राह्मणच होते, यात तिळमात्र शंका नाही. १८२०च्या दशकात गॉडफ्रे हिगिन्स या इंग्रज गृहस्थानं ड्रुइड भारतातूनच आले असं सांगणारा जाडजूड ग्रंथ काढला. हा तर्क तिकडे केव्हाच अडगळीत गेला. इकडे मात्र 'ड्रुइड म्हणजे द्रविड', 'स्टोनहेंज वैदिक' असे मजकूर व्हॉट्सॲपवर रोज नव्यानं जन्म घेतात. संस्कृत आणि केल्टिक भाषा एकाच मोठ्या कुळातल्या आहेत, हे विल्यम जोन्सनं १७८६ मध्येच सुचवलं होतं आणि ते खरं आहे. पण भाषा एका कुळातल्या म्हणून पुरोहित एका गोत्रातले होत नाहीत. ड्रुइड प्राचीन नव्हते म्हणून त्यांना हसणारे आणि ते प्राचीन असून आपलेच होते म्हणून फुगणारे, दोघांचा देव एकच आहे: वय.

वयाच्या दाव्यानं प्रत्यक्ष नुकसान कुठे होतं ते स्टोनहेंजसारख्या जागी दिसतं. अशा जागांवरून ड्रुइडांनी दोन भांडणं केली. माझ्या मते त्यातलं एक रास्त होतं, दुसरं नव्हतं.

रास्त भांडण तिथे जायच्या हक्काचं. १९७४ पासून स्टोनहेंजजवळ उन्हाळी अयनाला एक मोफत जत्रा भरत होती. १९८५ मध्ये ती बंद पाडायची ठरली. १ जूनला पोलिसांनी जत्रेकडे निघालेल्या भटक्यांच्या गाड्यांचा ताफा एका शेतात अडवला, काचा फोडल्या, माणसांना बाहेर ओढलं, पाचशेहून अधिक लोकांना अटक केली. त्यानंतर वर्षानुवर्षं अयनाच्या सुमारास त्या जागेभोवती मनाई. ड्रुइड आणि इतर मंडळी दरवर्षी जात राहिली, पकडली जात राहिली. त्यांत स्वतःचं नाव बदलून आर्थर उथर पेंड्रॅगन घेतलेला एक माजी सैनिक होता, मोटारसायकलवर फिरणारा, हातात तलवार. त्यानं आपलं गाऱ्हाणं युरोपच्या मानवी हक्क यंत्रणेपर्यंत नेलं आणि तिथे हरला. १९९९ मध्ये दुसऱ्याच दोन आंदोलकांच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, निर्णय दिला की सार्वजनिक रस्त्यावर शांतपणे, कोणाला अडथळा न करता जमणं हा आपोआप गुन्हा होत नाही. २००० पासून अयनाच्या रात्री दगड सर्वांसाठी खुले झाले. काही वर्षी तीस हजारांच्या पुढे लोक येतात. या मागणीत दगड कोणी उभारले हा प्रश्नच नव्हता. सार्वजनिक जागा आहे, सूर्य सर्वांचा आहे, आम्हाला तिथे उभं राहून त्याचं स्वागत करायचं आहे. एवढं पुरेसं होतं, आणि ते मिळालं.

दुसरं भांडण हाडांचं. २००६ मध्ये ड्रुइडांच्या एका परिषदेनं मागणी केली की दगडी वर्तुळ असलेल्या एव्हबरी या दुसऱ्या गावाच्या संग्रहालयात ठेवलेली अश्मयुगीन माणसांची हाडं, त्यात एका लहान मुलाचा सांगाडा आहे, आमच्या पूर्वजांची म्हणून पुन्हा पुरावीत. इंग्लिश हेरिटेज आणि नॅशनल ट्रस्ट या संस्थांनी जाहीर मतं मागवली, तज्ज्ञांना विचारलं आणि २०१० मध्ये हाडं संग्रहालयातच ठेवायचं ठरवलं. दरम्यान २००८ मध्ये पुरातत्त्वज्ञ माइक पार्कर पिअर्सन यांच्या चमूनं स्टोनहेंजच्या एका खड्ड्यातून दहन केलेल्या चाळीसहून अधिक माणसांचे अवशेष काढले. पेंड्रॅगन ते परत पुरण्यासाठी कोर्टात गेला. २०११ मध्ये हायकोर्टानं त्याला दाद दिली नाही.

मृतांचा मान राखा, एवढंच म्हणणं असतं तर मी ड्रुइडांच्या बाजूनं उभा राहिलो असतो. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी ब्रिटिश संग्रहालयांकडून आपल्या माणसांची हाडं परत मागितली, ती मागणी न्याय्यच आहे. ती माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्यावर राज्य करणाऱ्यांनी उचलून नेली होती. पण पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या मुलावर १९६४ नंतर आकाराला आलेल्या पंथाचा जेवढा हक्क, तेवढाच त्या गावात चर्चला जाणाऱ्याचा आणि तेवढाच परवा लंडनला उतरलेल्या पुणेकराचा. ते मूल कुठल्या देवाला मानत होतं, त्याला पुरलेलं आवडलं असतं की दाखवलेलं, कोणालाच सांगता येणार नाही. तिथे 'आमचे पूर्वज' म्हणणं म्हणजे स्टकलीची चूक कोर्टात दाखल करणं.

आता निसर्ग. या मंडळींचा सगळा जीव त्यात आहे असं ते सांगतात, म्हणून त्यांना तिथेच तपासावं. १९९६ मध्ये न्यूबरी गावाचा बाह्यवळण रस्ता करण्यासाठी दहा हजारांच्या आसपास झाडं तोडायला निघाले, तेव्हा झाडांवर चढून बसलेल्या तरुणांबरोबर ड्रुइडही होते. झाडं पडली, १९९८ मध्ये रस्ता झाला. २०१३ मध्ये जमिनीखालचा खडक फोडून वायू काढण्याच्या विरोधात ग्लास्टनबरीच्या टेकडीवर ड्रुइड आणि इतर निसर्गपंथीयांनी विधी केला; २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये तशा उत्खननाला स्थगिती मिळाली, पण तिचं कारण भूकंपाचे हादरे. शक्तीच बेताची. २०११च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ड्रुइड अशी नोंद करणारे ४,१८९ भरले. त्याच जनगणनेत एका सिनेमातल्या 'जेडाय' पंथाचं नाव लिहिणारे १,७६,६३२ होते. बरं, अयनाच्या रात्रीनंतर स्टोनहेंजच्या गवतावरून जो कचरा उचलावा लागतो तो बघितला तर निसर्गप्रेमाच्या गप्पा जपूनच माराव्यात असं वाटतं, जरी तो टाकणारे बहुतेक ड्रुइड नसले तरी.

मराठी वाचकाला इथे आपल्या देवराया आठवतील. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की आजूबाजूचं रान गेलं तरी देवाच्या नावाचं रान उभं राहिलं होतं. पण देवराई टिकली ती कोणाला तिथे शांत वाटत होतं म्हणून नव्हे. वाळकी काटकीसुद्धा उचलली तर देव कोपेल ही भीती, गावाचा धाक आणि दंड यांच्यावर ती टिकली. आजच्या ड्रुइडाला कोणी दंड करत नाही. त्याला धर्म आवडला म्हणून त्यानं घेतला, उद्या नाही आवडला तर सोडील. माझा त्यांच्यावरचा खरा आक्षेप हा आहे. निसर्गाला मन रमवायची जागा मानणं सोपं असतं. त्याच्यासाठी एखादी गोष्ट करायची नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवणं आणि ते मोडणाऱ्याला जाब विचारणं अवघड. काही ड्रुइड गट झाडं लावतात, जमिनी राखतात. पण पंथाला बांधणारा असा एकही नियम नाही. साठ वर्षांच्या धर्माकडून तो अपेक्षित नाही म्हणाल, तर तेही खरं.

चॅरिटी कमिशनकडे परत येऊ. २००६च्या कायद्यानं स्पष्ट म्हटलं होतं की देव न मानणारा धर्मही धर्मच. तरी आयोगानं ड्रुइडांना विचारलं की तुमच्यात कुठली तरी परमसत्ता आहे का, आणि मग निसर्ग हीच ती असं ठरवून अर्ज त्या साच्यात बसवला. निकाल बरोबर, रस्ता वाकडा. संस्था काय करते, कोणासाठी करते, कोणाला फसवत नाही ना, एवढं तपासलं असतं तरी भागलं असतं.

स्टोनहेंजच्या बाबतीत तर पुढे पारडं आणखी फिरलं. दगडांजवळून जाणाऱ्या हमरस्त्याचा सुमारे तीन किलोमीटरचा भाग बोगद्यात घालायची योजना सरकारनं रेटली. रस्ता दिसेनासा होईल खरं, पण बोगद्याची तोंडं वारसास्थळाच्या आतच उघडणार होती. युनेस्कोनं नापसंती कळवली. ड्रुइडांनी विरोध केला, पेंड्रॅगननंही. आणि २००८ मध्ये ती हाडं बाहेर काढणारे पार्कर पिअर्सनही विरोधकांतच होते. इथे कोणाचे पूर्वज हा मुद्दा कोणाला लागला नाही. मातीखाली अजून न खोदलेलं बरंच आहे, ते यंत्रांखाली जाऊ नये, इतक्यावर पुजारी आणि संशोधक एका बाजूला आले. जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारनं योजना रद्द केली. कारण दिलं ते पैशाचं.